राजेश्वरीअक्काने कापलेले प्लग

काय काम करता असं कुणी विचारलं, तर राजेश्वरीअक्का सरळ सांगते, "लाइट नापास करते."

अक्कलकोट रोडला स्टेजच्या लाइट भाड्याने देणारं एक गोडाऊन आहे. जत्रेतून, लग्नातून परत आलेला प्रत्येक लाइट आधी अक्काच्या टेबलावर येतो. अर्थिंगची वायर धड आहे का ते ती बघते, मग मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते दाखवणारं यंत्र, लावते. काटा शून्याकडे घसरला, की वीज लाइटच्या पत्र्यात उतरते आहे असं समजायचं. अशा लाइटला हात लावणारा वाचेलच असं नाही. मी तिची शेजारीण. सोमवारी आम्ही दोघी सिद्धेश्वराला जातो, तेव्हा ती हे सगळं सांगते.

गेल्या महिन्यात वळसंगच्या पुढच्या एका गावच्या जत्रेतून लाइट परत आले. त्याच जत्रेत दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरांचे नाच होते, म्हणून तेच लाइट पुन्हा न्यायला पंचकमिटीचे सिद्धाप्पा टेम्पो घेऊन आले. अक्काने चार लाइट बाजूला काढले होते. उघडले तर आत कुंकू आणि नारळाची शेंडी. त्या गावात लाइट लावण्याआधी स्टँडवरच नारळ फोडतात, पाणी लाइटवर शिंपडतात. पाणी वरून वाळलं होतं, पण त्याचा ओलसर चिकटा आत राहिला होता. काटा काही वर येईना.

गोडाऊनचे मालक अमृतशेठ म्हणाले, पुसून द्या, आजवर काही झालं नाही. सिद्धाप्पांनाही राग आला.

"अक्का, देवाचं पाणी हाय ते. त्यानं कुणाचं वाईट व्हतंय व्हय?"

"नारळ मी पण फोडते सिद्धाप्पा, पण देवापुढं. विजेला देव कळत नाही, ओल कळते."

"मग देवालाच लाव की तुझं मेगर."

"लावलं असतं. त्याला प्लग कुठाय?"

हमाल हसले. शेठ मात्र चिडले. जबाबदारी माझी, म्हणाले, आणि हमालांना ते चारही लाइट टेम्पोत चढवायला सांगितलं. अक्का उठली. पक्कड घेतली आणि चारही लाइटचे प्लग मुळापासून कापून पिशवीत टाकले.

"पोरं अनवाणी नाचणार, शेठ. स्टँडला हात लागणारच. तेव्हा तुमची जबाबदारी काय कामाची?"

शेठने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. अक्का बरं म्हणाली आणि खाली बसून तिने पुढचा लाइट तपासायला घेतला. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच, हे मला माहीत आहे. तिलाही तेव्हा ते आठवत असणारच.

सिद्धाप्पा तिच्या टेबलाजवळ आले. हळूच म्हणाले, "माझी नात हाय नाचात. काव्या."

"मग पास झालेलेच न्या. आणि नारळ देवळाच्या पायरीवर फोडा."

त्यांनी तेवढेच नेले. स्टेजची डावी बाजू अंधारात राहिली आणि गावाने कमिटीला नावं ठेवली. पोरं मात्र नाचून, घामाघूम होऊन घरी गेली.

भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी अक्का नेहमीच्या वेळेला गोडाऊनला गेली आणि तिने मेगर काढलं. शेठने हमालांना परत आलेले लाइट तिच्या टेबलावर ठेवायला सांगितले.