माणच्या माळावरून गेलेलं जेट

नथू मुळशीकडच्या माणचा, पण माणला यायला त्याला फुरसत नव्हती. जेट विमानाचा सहवैमानिक झाल्यापासून साहेबांचा एक पाय मुंबईत आणि दुसरा मद्रासेत. मधल्या मुळशीत ठेवायला तिसरा कुठून आणणार? दोन वर्षांत एकदा आला, तेव्हा चावडीवर तासभर समजावत बसला की जेटला पंखे नसतात. पंख्याशिवाय उडतंय म्हणे! लोक हसत उठून गेले.

त्याच्या आईनं, सगुणाबाईनं, निघताना बजावलं, "उंबऱ्याशी येत न्हाईस, तर डोस्क्यावनं तरी जा. मी माळावनं भाकरतुकडा ओवाळून टाकीन. पर जरा खालनं जा बाबा, दिसाया पायजे."

शहाण्या माणसानं हे हसण्यावारी नेलं असतं. नथूनं मनावर घेतलं, आणि दिवसही शाबासकी द्यावी असाच निवडला: कॅप्टनपदाच्या परीक्षेचा. सकाळचं मद्रासचं विमान त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्णपणे त्याच्या हाती असणार होतं. शेजारी बसणार होता परीक्षक. पण आईला पत्र गेलं: शुक्रवारी, दहाच्या सुमाराला.

उड्डाण झकास झालं. चाकं आत गेली, नथूनं विमान ऑटोपायलटच्या हवाली केलं. या यंत्राला दोनपैकी एक काहीतरी सांगावं लागतं. एक तर, वेग धरून ठेव आणि जमेल तेवढा चढ घे. नाहीतर, मिनिटाला अमुक फूट चढ, वेगाचं मी बघतो. चढताना पहिलंच सांगायचं, हे नथूनं झोपेतही घोकून दाखवलं असतं. पण तसं केलं तर माणवर पोचेपर्यंत विमान वीस हजार फुटांपार, आणि आई भाकरीचा तुकडा धरून कोऱ्या आभाळाकडे बघत बसणार. त्यानं दुसरं सांगितलं. मिनिटाला फक्त आठशे फूट.

यंत्र बिचारं आज्ञाधारक, तेवढंच चढू लागलं. इंजिनांचा जोर कमी करायचं काम नथूचं होतं, आणि नथूचे डोळे खिडकीबाहेर मुळशीचं पाणी शोधत होते. रिकाम्या गाडीचे बैल उधळावेत तसा उरलेला सगळा जोर वेगात गेला. काटा लाल रेषेला भिडला, धोक्याची घंटा घणघणली. परीक्षकानं शांतपणे ऑटोपायलट बंद केला, जोर मागे घेतला आणि विचारलं, एवढं सावकाश चढायचं कारण काय?

परीक्षेच्या कागदावर आईसाठी रकाना नव्हता. नथू नापास झाला. पुढची परीक्षा वर्षानं.

तोंड लपवायला गाव बरं, म्हणून तो रजा घेऊन माणला आला. सगुणाबाई उंबऱ्यातच भेटली, डोळे भरलेले.

"बगितलं रं पोरा! लई खालनं आलास. सारा गाव माळावर व्हता. शेजारचा भिकू तर टोपी उडवत पळत सुटला. भाकरतुकडा टाकला बग मी."

नथूनं मनाशी म्हटलं, वर्ष गेलं तर गेलं, आईनं पाहिलं तरी.

"पर एक खोटं बोललास," ती हसून म्हणाली. "म्हनं जेटला पंखं नसत्यात. दोन पंखं गरागरा फिरत व्हतं की!"

लोहगावच्या तळावरून उठलेलं हवाई दलाचं कुठलंसं पंख्यांचं मालवाहू विमान नथूचा भाकरतुकडा घेऊन गेलं होतं.

"व्हय आये," तो म्हणाला. "आत्ताच बशिवल्यात, नवीन."