ज्वारीच्या दाण्याएवढा गाल

दिवसा मी माणसांचे दात बनवतो आणि संध्याकाळी राक्षसांचे. दोन्हींत राक्षसांचं काम सुखाचं. राक्षस कधी 'वरचा दात टोचतोय' म्हणून परत येत नाही.

सोलापुरात दातांच्या लॅबमध्ये बसून आयुष्य काढलं की माणूस रंगांच्या बाबतीत थोडा चक्रम होतो. पांढराशुभ्र दात मागतो तो एकतर नवरदेव असतो नाहीतर निवडणुकीला उभा असतो. बाकी सगळ्यांना शेजारच्या दातांशी जुळणारा हवा असतो, आणि शेजारच्या दातांनी वर्षानुवर्षं तंबाखू खाल्लेली असते. तो पिवळा, त्याच्या मुळाशी असलेला तपकिरी, टोकाचा जरा राखाडी, हे सगळं बारीक कुंचल्याने एका दातावर आणायचं. हे ज्याला जमतं त्याला राक्षसाचा सुळा म्हणजे सुट्टीच.

ही भानगड सुरू झाली मित्रांमुळे. खेळ असा असतो: टेबलाभोवती चौघं बसतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे फासे टाकून त्या गोष्टीत मरतात. आमची गोष्ट सांगणारा विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, कॉम्प्युटरवर नोकरी करणारा. त्याच्या गोष्टीतला ड्रॅगन मात्र दखनीत बोलतो, कारण आमच्यातल्या टायरच्या दुकानवाल्याने एकदा सांगून टाकलं की एवढं मोठं जनावर शुद्ध बोलेलच कसं. तेव्हापासून गुहेत शिरलं की ड्रॅगन विचारतो, "कायकू आया रे तू इधर?" आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नसतं.

टेबलावर प्रत्येकाची एक अंगठ्याएवढी मूर्ती लागते. त्या मूर्ती आमचा गोष्टवाला थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापतो, राखाडी, नागड्या. रंगवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुंचले माझ्याकडेच होते ना.

आणि घरात आई. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरात मी, आई आणि ही सेना. आई मैंदर्गीची, कर्नाटकाच्या सीमेवरची. बोलते मराठी, पण राग आला की कानडीत शिरते. माझ्या वीर योद्ध्यांना, जादूगारांना, सरदारांना तिने पहिल्या दिवसापासून एकच नाव दिलं. "भुतं उचल. ताट ठेवायचंय." नातेवाईक आले की तीच भुतं 'बाहुल्या' होतात. एक मामा दर दिवाळीला विचारतो, लग्नाच्या वयात बाहुल्या रंगवल्यास, आता काय करणार? मी म्हणतो, वॉर्निश.

खरं भांडण झालं ते डब्यावरून. सोलापूरच्या उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरून मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. त्यावर उपाय म्हणजे पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. असा पसरट, घट्ट झाकणाचा डबा घरात एकच होता, आणि त्यात आई कडक भाकऱ्या ठेवायची. मी भाकऱ्या काढून पिशवीत घातल्या. नेमका वळवाचा पाऊस झाला आणि त्या मऊ पडल्या. कडक भाकरी मऊ पाडणं हा आमच्या घरात काय दर्जाचा गुन्हा आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नवा डबा आणेपर्यंत ती माझ्याशी फक्त कानडीत बोलली.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती कौतुक करत नाही. कशाचंच. तिचं म्हणणं असं की परक्याच्या नजरेपेक्षा घरच्याची नजर जास्त लागते, म्हणून आपल्या माणसाचं, आपल्या वस्तूचं तोंडाने चांगलं बोलायचं नाही. दहावीला मी शाळेत पहिला आलो. पेढे वाटून शेजारी गेल्यावर ती म्हणाली, "चालतंय." लॅब सुरू केली, "चालतंय." तिची स्वतःची कवळी मी बनवली. इतकी बेमालूम बसली की डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला बोलावून दाखवली. आईने त्या कवळीने शेंगदाणे चावून बघितले आणि म्हणाली, "चालतंय की." त्या 'की'वर मी आठवडाभर जगलो.

मला तिच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं होतं. पोट सुटलेल्या, केस पिकलेल्या माणसाने हे लिहिणं लाजिरवाणं आहे, पण ते तसं होतं. मित्र वाहवा करायचे, इंटरनेटवरची अनोळखी माणसं लाइक करायची, आणि मी घरी येऊन ती मूर्ती बरोब्बर आईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचो. ती कप उचलायची.

पुण्यातल्या एका दुकानाने मूर्ती रंगवण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा मी एक एल्फ रंगवायला घेतली. एल्फ म्हणजे परीच्या जातीची, लांब टोकदार कानांची बाई. ही धनुष्य घेऊन उभी होती. तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यावर ताकासारखा पातळ रंग, थरावर थर, नाकाच्या शेंड्यावर उजेड, ओठांखाली सावली. डोळ्यातलं बुबुळ टेकवताना श्वास रोखावा लागतो. आईने त्याच वेळी मिक्सर लावला, तरी हात हलला नाही. पूर्ण झाली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं आणि पुन्हा करीन असं वाटत नव्हतं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी लॅबमधून आलो तर एल्फच्या उजव्या गालावर काळा डाग.

डाग कसला, तीट. काजळाची, घरच्या, तुपाच्या काजळीची. आईने काडेपेटीतली काडी बोथट टोकाने काजळात बुडवून लावली होती. तान्ह्या बाळाला तो ठिपका शोभला असता. माझ्या एल्फला मात्र तो म्हणजे आपल्या गालावर कुणी गोवरी थापावी तसा.

मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवतंय, लिहीत नाही. आई पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली.

"समोरची आल्ती," ती म्हणाली. "तिनं बघितलं. अगंबाई किती गोड, म्हणाली. तिची नजर कसली हाय, तुला ठावं न्हाय व्हय? आमच्या पपईला गोड म्हणाली, झाड वाळलं."

"आई, ही प्लास्टिकची आहे."

"पपई काय प्लास्टिकची न्हवती."

"अगं, इतकी भुतं आहेत घरात. समोरच्या काकूंनी सगळीच बघितलीत. मग हिलाच का?"

"सुम्न कूड," ती म्हणाली. म्हणजे गप्प बैस. मग पोळपाट उभा करून ठेवत, माझ्याकडे न बघता, "त्यास्नी कशाला लावू? चांगलं झालेल्याला लावावं लागतंय."

मी स्पिरिटात बुडवलेला कापूस हातात घेऊन उभा होतो. ठिपका पुसला असता तर काजळाबरोबर खालचे थरही थोडे गेले असते, पण रात्रीतून दुरुस्त करता आलं असतं. मी कापूस कचऱ्यात टाकला. जेवताना मी दोनदा भाकरी मागून घेतली आणि आईला वाटलं, मी अजून रागातच खातोय.

एल्फ कवळीच्या डबीत, कापसात गुंडाळून पुण्याला गेली. परीक्षक तरुण होता, दाढी नीट कोरलेली, डोळ्याला भिंग. त्याने मूर्ती फिरवून फिरवून बघितली. कानांवर थांबला, बोटांवर थांबला, चेहऱ्याशी येऊन त्याचं तोंड पडलं.

"सर, गालावर रंग सांडलाय."

"तीट आहे," मी म्हणालो.

"हिला?"

"हो."

त्याने भिंग काढलं. "पण एल्फ लोकांत तीट लावतात का?"

"सोलापूरच्या लावतात."

तो हसला, पण मार्क कापले. पहिला नंबर एका ड्रॅगनला गेला, त्याच्या तोंडात दिवा लागत होता. माझ्या एल्फपुढे कुणी फारसं थांबलं नाही. घरी आलो तर आई दारातच होती.

"नजर न्हाय ना लागली?"

"न्हाय," मी म्हणालो. "कुणी बघितलंच न्हाय."

"मग?" ती म्हणाली, आणि स्वतःच्या कामावर पूर्ण समाधान असलेल्या माणसासारखी आत गेली.

तेव्हापासून प्रत्येक मूर्ती वॉर्निश मारायच्या आधी एक दिवस मी देवघराखालच्या फळीवर ठेवतो. काजळाची डबी तिथेच असते. दुसऱ्या दिवशी कधी गालावर ठिपका असतो, कधी नसतो. मित्रांना हे कळलं आहे. टायरवाला फोन करून विचारतो, "क्या हुआ, अम्मा पास करे क्या?" त्याच्या राक्षस सरदाराला आईने चष्मा लावून बघितलं होतं. दातांवर मी जीव ओतला होता, अस्सल तंबाखूचे. "ह्याला नको," ती म्हणाली. "ह्याला कोण नजर लावतंय?" टायरवाला अजून तो राक्षस खेळायला घेत नाही.

यंदा पुन्हा पुण्याला जायचं ठरवलं. पुन्हा एल्फ, यावेळी म्हातारी, सुरकुत्यांची, पांढऱ्या केसांची. पहिलीपेक्षा अवघड. झाल्यावर फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघितलं, गाल कोरा. आणखी एक दिवस ठेवली. कोराच. आईला विचारायचा धीर झाला नाही. स्पर्धेत हरलो होतो तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. लॅबमध्ये एकाचा दात उलटा बसवला त्या दिवशी.

शेवटी वॉर्निश मारायला घेतली. भिंगाखाली धरून फिरवली, आणि डाव्या कानामागे, केसांखाली, सुईच्या टोकाने लावलेला काळा ठिपका दिसला. ताजा असावा, चकाकत होता.

मी मूर्ती घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आईने वळून बघितलं नाही.

"बाई मोठी हाय," ती म्हणाली. "मोठ्या माणसाला गालावर लावत न्हाईत. आणि पुण्याच्या लोकांला दिसाय नको." फोडणीत मोहरी टाकली, ती तडतडेपर्यंत थांबली. "कान लांब हायत ते एक बरं हाय."