मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या पायामुळे. पालकसभा होती. सहावीच्या बाकावर मोठी माणसं जशी गुडघे हनुवटीला लावून बसतात, तसे ते बसले होते आणि मी त्यांच्या मुलीचे गुण वाचत होते. गणित आलं तसा त्यांचा उजवा पाय खाडकन फरशीवर आपटला आणि तिथेच दाबून राहिला. गुण चांगले होते. विज्ञानालाही आपटला, चित्रकलेलासुद्धा. मुलगी हुशार आहे आणि बापाच्या पायाला मुंग्या येतात, अशी मी मनात नोंद केली.

मुंग्या नव्हत्या. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि बावीस वर्षं तो दाबून दाबून त्यांचा पाय गाडीबाहेरही कामावरच असे. निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले तेव्हा हे कळलं. समोर कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं दिसण्यासारखी जागा दिसली की ब्रेक. शिकाऊ मंडळी त्यांना मागून ब्रेकमास्तर म्हणत. महिन्याभरात मी आरसे बघायला शिकले, गिअर टाकायला शिकले. गाडी कधीतरी थांबवायची असते हेही मला माहीत होतं. पण ते काम माझं आहे, हे माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या जागेवर निरीक्षक बसले. ते बिचारे शांतपणे हाताची घडी घालून बसले होते. मी मैदानात खुणेसाठी ठेवलेल्या पिंपावर गाडी घातली. पिंप रिकामं होतं, म्हणून आवाज भरपूर झाला. त्या दिवशी मास्तरांचे नऊ विद्यार्थी नापास झाले. त्यांत मी होते आणि दुसऱ्यांदा नापास झालेली त्यांची मुलगी होती. ती आता परिचारिका झाली होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी तिला मिळाली होती, पण तीन महिन्यांत परवाना आणायच्या अटीवर. तिने त्याच संध्याकाळी बापाला सांगून टाकलं, की ती आता पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये शिकेल.

मास्तर माझ्याकडे आले. तुमची विद्यार्थिनी आहे, तुमचं ऐकेल, तिला समजवा, असं त्यांचं म्हणणं. माझीच मुलगी दुसऱ्याकडे शिकली तर मी बाजारात कोणतं तोंड घेऊन फिरू? मी म्हटलं, मुलगी बरोबर आहे. गाडी तुम्हीच चालवता, आम्ही नुसते स्टिअरिंगला धरून बसतो.

"पण बाई, मी नाही दाबला तर?" ते म्हणाले.

"तर काय होईल?"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. जेवताना पाय दाबला जातो, न्हाव्याच्या खुर्चीत दाबला जातो, झोपेत बायकोच्या नडगीवर दाबला जातो. दिवसभर काहीतरी येऊन धडकणार आहे, असं छातीत वाटत राहतं. कधीपासून, तेही आठवत नाही. मी चहा ठेवला. बापलेकीत तह झाला तो असा, की दोन महिने मुलगी थांबेल, तोवर मास्तरांनी पायाचं काय ते करावं.

मास्तर आधी गेले हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, फोटो काढला आणि सांगितलं, पाय उत्तम आहे, तुम्ही वरच्या मजल्यावर दाखवा. मास्तरांना वाटलं आपल्याला वेडा म्हणतात. पण त्या इमारतीत खरोखरच वरच्या मजल्यावर एक समुपदेशक मॅडम बसत.

मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, कधी अपघात झाला होता का? मास्तर ओशाळले. बावीस वर्षांत एकही नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. एवढे पैसे भरून आलो आणि सांगायला एक धड अपघात नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की पुढच्या भेटीसाठी त्यांनी एक रचून ठेवला होता, त्यात ट्रकही होता. मी म्हटलं, मास्तर, डॉक्टरकडे उसना ताप घेऊन जाऊ नये. तेव्हा कुठे ट्रक रद्द झाला.

मॅडमनी गृहपाठ दिला. पाय दाबावासा वाटला की वहीत लिहायचं: कुठे, काय होईल असं वाटलं, आणि खरोखर काय झालं. बायकोला कळू नये म्हणून वही माझ्याकडे राहायची. पहिल्याच आठवड्यात मी ती उघडली आणि मिटली. सातही दिवस एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. बत्तीस वर्षं मी गृहपाठ तपासले आहेत. मी त्यांना व्हरांड्यात बसवून आठवतील तेवढे दिवस पुन्हा लिहायला लावले. हळूहळू वही खरी होऊ लागली. "न्हावी. वस्तरा लागेल. लागला नाही." "जिना. पडेन. पडलो नाही." तिसऱ्या रकान्यात पानंच्या पानं काही झालंच नव्हतं. मास्तर ती पानं पुन्हा पुन्हा उलटत. म्हणाले, बाई, माझा पाय फुकटचा राबला.

पण एक घोळ झाला. त्यांच्या गाडीच्या टपावर स्कूलची ही मोठी पाटी. दर मंगळवारी ती गाडी मॅडमच्या दारात उभी. मॅडम गाडी शिकताहेत अशी बातमी बाजारभर झाली आणि मास्तरांनी ती खोडली नाही. बायकोने एकदा विचारलं, सहा आठवडे झाले, त्यांना अजून गिअर टाकता येत नाही? मास्तर म्हणाले, जरा मंद आहेत. नंतर मनाला लागलं म्हणून मॅडमना कबूलही केलं. मॅडम म्हणाल्या, मंद कशाला, मध्यम तरी म्हणायचं.

बायकोला संशय आलाच. पुढच्या मंगळवारी ही मंद विद्यार्थिनी बघायला ती वरच्या मजल्यावर जाऊन बसली. आतून मास्तर बाहेर आले, डोळे पुसत. तिने एकदा दारावरची पाटी वाचली, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"आधी बोलला असतात," ती म्हणाली, "तर नडगीला उशी बांधून झोपले नसते मी."

त्यानंतर वही घरीच राहू लागली.

दोन महिने संपायला चार दिवस होते. मुलीने मावशीची गाडी आणली. साधी गाडी, ब्रेक एकच, तोही मुलीच्या पायाशी. मास्तर शेजारी बसले, मी मागे. साक्षीदार म्हणून, असं मुलगी म्हणाली. पिंपाची आठवण म्हणून, असं मी समजले. मास्तरांचे दोन्ही हात मांड्यांखाली. बाजाराच्या वळणावर एक टेम्पो आरशात न बघता मागे येऊ लागला. मास्तरांचा पाय पायपुसण्यावर गच्च दाबला गेला, आणि तिथे काही नव्हतं. मुलीने ब्रेक लावला. टेम्पो हातभर अंतरावरून निघून गेला.

"वेळेत थांबली गाडी," मास्तर म्हणाले.

"बाबा, गाडी आपली आपण थांबत नाही."

मास्तरांनी मांडीखालचे हात काढले आणि तिला इंडिकेटर द्यायला सांगितलं, तो ती विसरली होती.

मुलगी तिसऱ्या वेळी पास झाली. त्याच दिवशी मीही झाले, पिंपाला वळसा घालून. मास्तरांचा पाय अजून अधूनमधून दाबतो, विशेषतः मी गाडी चालवत असले की. महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी, ते मॅडमकडे जातात आणि गाडी पाटीसकट दारातच लावतात. कोणी विचारलं तर आता सांगतात, इथे शिकणारा मीच.