खाकरून येणारा

फाटकाशी यायचं, कडीला हात लावायचा नाही, आधी दोनदा खाकरायचं आणि मग म्हणायचं, "आलो हां!" आतून कोणी "ये" म्हणेपर्यंत जास्वंदीच्या झाडाकडे बघत उभं राहायचं. फाटक सताड उघडं असलं तरी. मी समोर पायरीवर शेंगा सोलत बसलेली असले तरी.

"अरे, दिसतेय ना मी तुला?" मी विचारायची.

"दिसताय अक्का. पण 'ये' म्हटलं नाही अजून."

असा आमचा मैसूरच्या चामराजपुरमचा फोटोवाला. त्याच्या स्टुडिओची मागची भिंत आणि आमच्या घराची मागची भिंत एकच. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. बाकी गल्ली त्याला 'सर' म्हणते. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. घराघरांतल्या बारशा-मुंजी-लग्नांत सगळीकडे हजर, आणि एकाही फोटोत नाही.

त्याचं हे खाकरणं फाटकापुरतं नव्हतं. लग्नघरात नवरीच्या खोलीशी आला की दाराबाहेर थांबायचा, खाकरायचा, "आलो हां!" आत एकच धांदल. कोणी पदर सारखा करतंय, कोणी तोंडातला लाडू गिळतंय. मग एखादी आत्या ओरडायची, "ये रे बाबा, ये!" तेव्हा कुठे कॅमेरा आत. कितीतरी फोटोवाले आले आणि गेले, पण आमच्याकडच्या आया त्यालाच बोलवायच्या, त्याचं खरं कारण हे होतं. फोटो काय, सगळेच काढतात.

मी त्याला पहिल्यांदा छळलं ते माझ्या दिराच्या लग्नात. तेव्हा मी तिशीत होते आणि कोणी तरी मला सांगून ठेवलं होतं की माझी डावी बाजू फार छान येते. कोणी सांगितलं होतं ते आता आठवत नाही. बहुतेक मीच. तर त्या अख्ख्या लग्नात मी लोकांना डावा गालच दाखवत फिरले. सासूबाईंना वाटलं, मान आखडली. त्यांनी तेल गरम करायला घेतलं.

शिवाय पोट आत घ्यायचं असायचं. तो "आलो हां" म्हणाला की मी श्वास ओढून धरायची. आणि हा शहाणा, एकदा सांगितल्यावर निवांतपणे कॅमेऱ्याचं काय काय फिरवत बसायचा. माझा रंग निळा पडायचा. तो अल्बम आजही कपाटात आहे. प्रत्येक फोटोत एक बाई नाण्यावरच्या राजासारखी एकाच बाजूला बघते आहे, आणि चेहरा असा की तिनं अख्खं लिंबू गिळलंय. ती बाई मी. नाती ते फोटो बघून लोळतात. मीही लोळते, पण हळू, कंबर सांभाळून.

तर हा माणूस पन्नाशी उलटल्यावर ड्रोन शिकला. पहिला ड्रोन घेऊन आला तो दोन्ही हातांनी धरून, जावयाला सुटकेससकट घरात घ्यावं तसा. काळा, मोठा, चार पंख्यांचा. उडाला की असा आवाज, की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात. आम्ही त्याचं नाव 'भुंगा' ठेवलं. हुणसूरकडच्या एका लग्नात या भुंग्यानं इतकं खाली येऊन वारा घातला, की नवरदेवाचा पेटा, म्हणजे मैसूरी फेटा, उडून शेजारच्या तंबाखूच्या शेतात गेला आणि वऱ्हाड नवरदेव सोडून पेट्यामागे धावलं. लोक इतके खूश झाले, की पुढच्या लग्नातही 'तसंच करा' म्हणाले.

गल्लीला भुंग्याची सवय झाली. घुर्रर्र सुरू झालं की गच्चीवरच्या बायका पदर सावरायच्या, उघडेबंब आजोबा टॉवेल ओढून घ्यायचे, आणि मग सगळे मिळून वर हात हलवायचे.

घोळ झाला तो जयलक्ष्मीपुरमच्या लग्नात. ते घर आमच्या नात्यातलं, म्हणून मी पुढच्याच रांगेत होते. हॉलच्या अंगणात मांडव, अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि वर भुंगा आला. भटजींचं तोंड उघडताना-मिटताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. अक्षता कधी टाकायच्या कोणाला कळेना. मी अंदाजानं टाकल्या आणि माझं बघून बाकीच्यांनी. अंतरपाट अजून धरलेलाच होता.

नवरीचे वडील नंतर त्याला शांतपणे म्हणाले, "सर, धाकटीचं लग्न वैशाखात आहे. तुम्हीच या. पण हा राक्षस नको. ते लहान, बिनआवाजाचं मिळतं ना हल्ली, ते आणा. नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

आणि असं म्हणणारे ते एकटेच नव्हते. त्या वर्षी दोन घरं त्याच्या हातून गेली होती. भुंग्याची बॅटरीही आता फुगून पुरीसारखी झाली होती. दुकानदार तर रोज मागे लागलेला, "सर, नवा घ्या. तळहातावर मावतो, चित्र याच्यापेक्षा स्वच्छ, आणि जुन्याच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त!"

तरी हा घेईना. आज बघतो, उद्या बघतो. मला वाटलं, जुन्या वस्तूवर जीव. मग वाटलं, चिक्कूपणा. मी दोन्ही त्याच्या तोंडावर म्हणून पाहिलं. एका संध्याकाळी तो फाटकाशी खाकरला, मी "ये" म्हटलं, आणि कॉफीचा लोटा पुढे ठेवून विचारलं, "स्वस्त आहे, चांगला आहे, हलका आहे. मग सुम्ने, उगाच, का अडून बसलायस?"

"आवाज करत नाही अक्का."

"तेच तर हवंय लोकांना!"

"लग्नातल्या लोकांना हवंय. शेजारच्या गच्चीवरच्यांचं काय?" त्यानं लोटा खाली ठेवला. "आमचे आजोबा स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा अंगणातून खाकरत यायचे. आत बायका असतात, कोणी कशी बसलेली असते. भुंगा काही का असेना, खाकरून जातो. हा नवा तर सरळ आत शिरतो. वर कधी येऊन उभा राहिला, कळतच नाही."

"अरे, यंत्र आहे ते."

"यंत्र आहे. पण त्याच्या मागे मी आहे की."

मी त्याच्या लोट्यात अजून कॉफी ओतली. वादात हरायला लागले की मी नेहमी कॉफी ओतते. मैसूरमध्ये ते चालतं.

शेवटी दुकानदारानं नवा ड्रोन चार दिवस वापरून बघायला म्हणून त्याच्या हातात कोंबलाच. मला याची काहीच कल्पना नव्हती.

आता पुढचं नीट ऐका, कारण यात माझी शोभा आहे. त्या दिवशी गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते आणि राखणीला मी. अंगात जुना गाऊन. केसांना मेंदी लावून वर भाजीची प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ऊन लागतं म्हणून नातीचा गुलाबी गॉगल. डॉक्टरांनी मला मीठ आणि पापडखार बंद केलेला आहे आणि सूनबाई त्या बाबतीत डॉक्टरांपेक्षा कडक आहे. पण खाली उरलेल्या पिठाच्या लाट्या कोणी तरी वाटीत घालून वर आणल्या होत्या. कोणी, ते विचारू नका. लाटी तेलात बुडवायची, डोळे मिटायचे आणि तोंडात टाकायची. असा कार्यक्रम चालू होता. मधूनमधून मी गाणंही म्हणत होते, अगदी हावभावांसकट.

तिसऱ्या की चौथ्या लाटीला डोळे उघडले, तर समोर हवेत एक चिलट. चिलट म्हणजे तळहाताएवढं, पण आवाज काही नाही. त्याला एक डोळा होता आणि तो डोळा माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात लाटी, हनुवटीवर तेल.

ते चिलट क्षणभर थरथरलं, गर्रकन पाठ फिरवून भिंतीपलीकडे खाली गेलं.

मला आधी राग आला तो कशाचा, सांगू? तो माझ्या उजव्या बाजूनं आला होता.

थोड्या वेळानं फाटकाशी खाकरणं सुरू झालं. दोनदा नाही, थांबतच नव्हतं. सूनबाई बाहेर जाऊन म्हणाली, "या ना सर, आत या," तरी येईना. मला हाक मारून म्हणाली, "अत्ते, सरांना घशाचं औषध द्यायला हवं." मी पिशवी काढून, गाऊनवर टॉवेल घेऊन खाली गेले. जास्वंदीकडे बघत तो उभा होता. चेहरा पांढरा.

"तप्पायतु अक्का. चूक झाली. तोल कसा राखतो बघायला उडवला. पुसून टाकलं सगळं, तिथल्या तिथे."

"सगळं?"

"सगळं."

"कसं आलं होतं?"

तो गडबडला. "चांगलं आलं होतं. म्हणजे... ऊन छान होतं. गॉगलपण."

"मग पुसलंस कशाला, वेड्या!"

"न सांगता घेतलं होतं अक्का," तो म्हणाला. "मी उद्याच परत देतो हा. वैशाखातलं लग्न गेलं तर गेलं."

आणि हे तो रागानं बोलला नाही. नीट विचार करून बोलला. तेव्हा मला कळलं, की हा खरंच काम सोडून देईल. ज्या घरांत त्यानं आईचा, मग लेकीचा फोटो काढला, त्या घरांत नातीच्या लग्नाला दुसराच कोणी जाईल, दार न वाजवता.

"ये आत," मी म्हटलं. "आणि मला एक सांग. तुझा जुना कॅमेरा खाकरत होता का?"

"नाही."

"मग नवरीच्या खोलीबाहेर कोण खाकरायचं?"

त्यानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"चिलटाला घसा नाही, कबूल. तुला आहे ना? आताच अख्ख्या गल्लीनं ऐकला."

सूनबाईनं कॉफी आणली. तिच्यासमोर त्यानं लाट्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. हा त्याचा दुसरा मोठा गुण.

वैशाखात जयलक्ष्मीपुरमला मी पुन्हा पुढच्या रांगेत. ड्रोन उडवायच्या आधी तो मांडवातून बाहेर पडला आणि आजूबाजूच्या गच्च्यांकडे तोंड करून 'ड्रोन येतोय' असं ओरडून आला, कन्नडमध्ये आणि मराठीतही. मग ओलगवाल्यांशी, म्हणजे वाजंत्र्यांशी, काही तरी कुजबुजला. सनईसारखं ते लांब वाद्य थांबलं, डोलावर दोनच थापा पडल्या, धम्म धम्म, आणि हा मांडवाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "वर बघा हां सगळे. आलो हां!"

अख्ख्या मांडवानं माना वर केल्या. भटजींनी उपरणं नीट केलं. नवरी पाटावरून वर बघून खुदकन हसली. मी सवयीनं पोट आत घेतलं. मग चिलट वर गेलं, आणि मंगलाष्टकांतला शब्द न् शब्द ऐकू आला. अक्षताही यावेळी वेळेवर पडल्या.

नवरीचे वडील आधी कुरकुरले, "सर, असं सांगून काढलं की सगळे वरच बघतात. नैसर्गिक येत नाही." पण दिवाणखान्यात मोठा करून त्यांनी जो लावला, तो तोच. गावातली सगळी नात्यातली तोंडं वर बघून हसताहेत, आपण देव असल्यासारखं वाटतं बघताना. पुढच्या मोसमात लोक त्याला 'तो वर बघायचा फोटो' मागायला लागले. नवं चिलट त्यानं ठेवून घेतलं. भुंगा स्टुडिओच्या काचेमागे बसला, हार घालून.

आता फोटोवाला इथे नाही. गेल्या वर्षी नवरा-बायको दोघं हुणसूरला मुलीकडे राहायला गेली. बसनं येतो कधीमधी. फाटक, खाकरणं, जास्वंद, सगळं तसंच. मजेत आहे. तिकडच्या शेतांवरून चिलट उडवतो आणि आधी बांधावरच्या बायकांना ओरडून सांगतो म्हणे.

जायच्या आदल्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "अक्का, आलो हां!" मी गच्चीतच होते. घाईघाईनं चष्मा काढला, पोट आत, मान वळवली.

"डावी बाजू घे रे!"

"वरून डावी-उजवी काही नसते अक्का. डोकं तेवढं दिसतं."

मला इतकं हसू आलं, की मी मान वर केली आणि पोट बाहेर आलं. तोच फोटो आता माझ्या पलंगासमोर आहे. चहूकडे पापडांचे चंद्र आणि मधोमध एक म्हातारी, तोंड उघडं, एक दात नाही, दोन्ही गाल पूर्ण. माझा असा चांगला फोटो दुसरा कुठलाही नाही. तिशीतल्या त्या लिंबू गिळलेल्या बाईला तो एकदा दाखवायला हवा होता.

परवा कुठल्याशा लग्नाचं एक अनोळखी चिलट आमच्या गच्चीवर येऊन थांबलं. ना हाक, ना खाकरणं. मी वर बघून दोनदा खाकरले. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

वरून डावी-उजवी कळत नाही, हे मला आता ठाऊक आहे. तरीही मी उजवा गाल त्याच्याकडे केला आणि पापड उलटायला घेतले.