वकिलाच्या धोतरावरचा डाग

वकीलीणबाईंनी इस्त्रीच्या कपड्यांची चळत काठीने ढकलली. उंचावर कपडे वाळत घालायची लांब काठी असते ना, तिने. धोतरं, सदरे, त्यांच्या कुसुमची पातळं, सगळं मागच्या दारी मोरीपाशी ओल्या फरशीवर पडलं. आदल्या दिवशीची माझी सगळी दुपार त्या इस्त्रीत गेलेली. मग त्यांनी त्यावर फिनेल ओतलं. बाटली उपडी करून, शेवटच्या थेंबापर्यंत.

"आता हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

दुसरी बाटली उघडली आणि हातांवर ओतली. सोड्याने भेगा पडलेले माझे हात. अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं मी रडतेय.

"रडायला काय झालं? माझ्या पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंत तुम्ही."

मी परटीण. कल्याणच्या जुन्या वस्तीत चौदा घरांचे कपडे आमच्याकडे होते. स्वातंत्र्य येऊन तीन-चार वर्षं झालेली, म्हणजे मी बावीस-तेवीसची असेन. लग्न झालेलं, दोन वर्षांची मुलगी. वकिलांचं घर त्या चौदांत सगळ्यात मोठं. सासूच्या सासूपासून त्या घराचं धुणं आमच्याकडे.

त्यांच्या कुसुमचं लग्न ठरलेलं ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या घरात. मुलाची आत्या कुसुमला गजरा माळायला गेली आणि तिने मानेवरचा चट्टा पाहिला. गोल, कडेने लाल पुरळ, मधे कोरडं. आत्याने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, हे काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं काही नाही. महारोगाची शंका, दुसरं काय! तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण त्या घरात तीन दिवस चूल नीट पेटली नव्हती म्हणे.

घरचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, महारोग नाही, नायटा आहे. आणि वर म्हणाले, "इंग्रजीत ह्याला नावच आहे. धोबी इच. धोब्याची खाज."

झालं. रोगाला आमच्याच जातीचं नाव. आता पुरावा कशाला हवा?

तर त्या फिनेलच्या दिवशी डॉक्टर पडवीत खुर्चीवर बसलेले, पाठमोरे. मी मोरीपाशी. वकीलीणबाई माझ्यासमोर, नाकाला पदर. डॉक्टर तिकडून सांगत होते.

"कोपराच्या आत बघा."

"पाठ बघा."

"कंबर बघा. तिथेच असतं."

"लुगडं सोड," बाई म्हणाल्या.

मी म्हणलं, "बाई, आत न्हाणीघरात बघा. हितं नको."

"न्हाणीघरात? म्हणजे तेही बाटवायचं?"

मागच्या अंगणाला कमरेएवढी भिंत. पलीकडे शेजारच्या दोघी हातातलं काम टाकून उभ्या. ज्यांचे बाळंतपणाचे कपडे मी धुतले त्या दोघी. मी लुगड्याची गाठ सोडली. काठीच्या टोकाने बाईंनी मला वळवलं. पुढून, मागून. बाजारात म्हैस बघतात तशी. म्हशीला निदान हात लावतात.

"काही नाही हो डॉक्टर," बाई म्हणाल्या. आवाजात चक्क निराशा.

"आत्ता नसेल. ह्यांच्यात असतंच."

मी लुगडं गुंडाळलं. फिनेलचे कपडे गोळा केले. बाईंनी बजावलं, पुन्हा धुऊन आण, आणि ह्या वेळी नीट उकळ. मी मान हलवली! हे सांगताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. भर अंगणात उघडी करून उभी केली, आणि मी म्हणलं, "हो बाई."

घरी आले. आमची छबी कपड्यांच्या गाठोड्यावर झोपलेली. परटाच्या पोरांचं अंथरूण ते. गावचे मळके कपडे घरात येतात, धुवायला न्यायच्या आधी दोन-दोन दिवस पडून असतात, आणि मऊ लागतं म्हणून लेकरू त्यावर टाकायचं. माझा नवरा तसाच वाढला, त्याचा बापही. मी छबीला उचललं तर झबलं वर सरकलं. पोटावर तीन गोल चट्टे. ते पंधरा दिवस होते. मी कडुनिंबाचा पाला वाटून लावत होते, घामोळं समजून. त्या दिवशी नीट पाहिले, कडेने लाल, मधे कोरडे.

मला वाटलं, बाई खरं बोलतात. रोग आमच्याच घरात आहे. माझ्याच पोरीचा रोग मी कुसुमच्या मानेवर नेऊन ठेवला. रात्रभर हेच. फिनेलने जेवढं पोळलं नव्हतं तेवढं ह्याने पोळलं.

सकाळी छबीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे एक डॉक्टरीणबाई होती, तुटक बोलणारी, गोड-बिड काही नाही. तिने छबीला टेबलावर घेतलं, उघड्या हाताने पोट चाचपलं. मी तिच्या हाताकडेच बघत राहिले.

"नायटा आहे. हिच्याजवळ कोण झोपतं? त्याला आहे का?"

"कुणाला नाही."

"मग कुणाच्या अंथरुणावर झोपते?"

"कपड्यांवर. लोकांच्या."

"धुतलेल्या?"

"नाही. मळक्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. "अगं, मग तुमच्याकडून त्यांना कसा जाईल? तुम्ही कपडे उकळता ना? उकळलेल्या कपड्यात हा जगत नाही. मळक्यातून येतो. कुणाचा आला ते शोध."

शोधायची गरजच नव्हती. कुणाला आहे ते मला वर्षभर माहीत होतं, मळक्यातून येतो एवढंच माहीत नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. परटिणीला गाव आतून माहीत असतं. कुणाच्या उशीला रक्त लागलंय, कुणाच्या सुनेची कूस उजवत नाही, कोण लपून मलम लावतं, कपडा सगळं सांगतो. आणि परटीण कुणाला सांगत नाही. सासूने मला धुणं शिकवायच्या आधी हे शिकवलं. एका घराचा डाग दुसऱ्या घरात बोललीस तर हात तोडीन म्हणालेली. मला त्याचा मोठा अभिमान होता हो. वाटायचं, चौदा घरांची अब्रू माझ्या हातात आहे.

वकिलांच्या धोतरावर, कमरेच्या निऱ्यांपाशी, वर्षभर एक डाग यायचा. नायट्याची पिवळी पावडर मिळते ना, तिचा. आधी पिवळट दिसतो, सोड्याच्या भट्टीत घातला की जांभळा होतो आणि मग काही केल्या जात नाही. वकिलांना नायटा होता. वर्षभर. बायकोला सांगितला नाही, डॉक्टरला दाखवला नाही. पंचा घरात एकच, दांडीवर लटकलेला, सगळे त्यालाच अंग पुसायचे. म्हणजे कुसुमला बापाच्या पंच्याने दिला, आणि माझ्या छबीला वकिलांच्या धोतराने. मी सासूचं ऐकून तोंड शिवून बसले आणि माझ्याच लेकराला त्या धोतरावर निजवलं. आता बोला!

घरी आले तर नवरा वकिलांकडून नुकताच परतलेला. वकिलांनी त्याला बोलावून घेतलेलं. रविवारी ठाण्याची माणसं येणार. तेव्हा मी ओटीच्या पायरीशी उभं राहून त्यांच्या तोंडावर सांगायचं, की खाज माझ्या अंगावर होती, माझ्यामुळे ताईंना लागली. म्हणजे घराण्यात काही नाही हे सिद्ध होतं आणि लग्न होतं. नाही सांगितलं तर आपली चौदाच्या चौदा घरं जातील.

"बोलून टाक," नवरा म्हणाला. "काय जातंय आपलं?"

"माझ्या अंगावर काही नाही. त्यांनी उघडं करून बघितलंय."

"वकील पण मी म्हणतोय तेच म्हणाले. म्हणाले, तुमचं काय जातंय, तुमच्यात हे असतंच."

मी छबीचं झबलं वर करून त्याला दाखवलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते सांगितलं. त्याने झबलं खाली ओढलं. मग म्हणाला, "चौदा घरं जातील गं." त्याला चट्टे दिसतच नव्हते, घरं दिसत होती.

रविवारी गेले. काखेत एक लहान गाठोडं. वकीलीणबाईंना वाटलं धुतलेले कपडे आणलेत. ओटीवर मुलाचा बाप आणि ती आत्या बसलेली. वकील समोर, कोऱ्या धोतरात. कुसुम आतल्या दाराशी, मानेभोवती पदर घट्ट. मी पायरीखाली. नवरा रस्त्यावर, आत यायची त्याची छाती झाली नाही.

"बोल बाई," वकील म्हणाले. कोर्टात साक्षीदाराला म्हणतात तसं.

लग्नात पायघड्या घालायचा मान आमचा. नवरदेव चालत यायच्या वाटेवर परटाने कपडा अंथरायचा, एका झटक्यात, सुरकुती न पडता. हाताला सवय असते. मी गाठोडं सोडलं आणि वकिलांचं धोतर त्या ओटीवर तसंच अंथरलं. न धुतलेलं, त्या आठवड्याच्या मळक्या गाठोड्यातलं. निऱ्यांपाशी जुना जांभळा डाग, त्यावर नवा पिवळा.

"ही कोपऱ्यातली बिब्ब्याची खूण बघा," मी म्हणलं. "तीन ठिपके, एक रेघ. ही ह्याच घराची. दुसऱ्या कुणाची नाही. हा डाग नायट्याच्या औषधाचा. मी वर्षभर धुतेय. माझ्या अंगावर काही नाही, ह्या बाईंनी मोरीपाशी लुगडं सोडायला लावून बघितलंय. विचारा त्यांना. माझ्या दोन वर्षांच्या पोरीला झालंय. ह्या धोतरावर झोपून."

"खोटारडी! नीच जात!" वकील उठले. पुढे आले. आणि बोलता बोलता त्यांचा हात कमरेला गेला. खाजवायला. खाज कुठे अब्रू बघते?

त्यांचं त्यांना कळलं नाही. मुलाच्या बापाला कळलं. तो त्या हाताकडे बघत राहिला. आत्याने धोतरापासून पाय वर घेतले. वकीलीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा पदर नाकावरून कधी खाली आला त्यांना समजलं नाही.

ठाण्याची माणसं चहा न घेता गेली. लग्न मोडलं. कुसुमने दारातून माझ्याकडे एकदाच बघितलं. तिची काय चूक होती? काही नाही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तिच्या मानेला औषध लावायला गावातले डॉक्टर घरी येत होते. माझ्या छबीची चौकशी त्या घरातल्या एकाही माणसाने केली नाही. मी ओटीवर सांगितलं तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्याच आठवड्यात चौदाच्या चौदा घरांनी कपडे बंद केले. नायट्यासाठी नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. म्हणाले, जी परटीण बोलते तिच्याकडे कपडे कसे द्यायचे? सगळ्यांच्याच घरात काही ना काही डाग होते ना! नवऱ्याने घरी येऊन हात उगारला. तो त्याआधीही उगारायचा आणि मी मार खायची. त्या दिवशी मी कोपऱ्यातली धुणं बडवायची मोगरी उचलली आणि हातात धरून उभी राहिले. तो बघत राहिला, मग बाहेर गेला. पुन्हा त्याने कधी हात उचलला नाही.

छबीचे चट्टे दोन महिन्यांनी गेले. निर्वासितांच्या छावणीकडे नवीन घरं मिळाली, सहाच. सहा तर सहा. तिथल्या पहिल्याच दारात मी गाठोडं खाली ठेवलं, सोडलं, आणि एकेक कपडा उजेडात धरून बघितला. घरमालकीण चिडली. म्हणाली, "ही कुठली पद्धत?"

"माझी," मी म्हणलं.

आजही तसंच करते. नायट्याचा डाग दिसला तर त्याच दारात, त्याच माणसाला, मोठ्याने सांगते. औषध घ्या, पंचा वेगळा करा, कपडे वेगळे बांधून द्या. राग आला तर येऊ दे. मळका कपडा माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि माझं कुठलंही लेकरू, नातवंड, कुणाच्या गाठोड्यावर झोपत नाही. तुमचे कपडे मी धुवीन. तुमचा रोग माझ्या नावावर घेणार नाही.