लिफ्टमध्ये लिहिलेला नंबर

लिफ्टच्या मशीनरूममधली मोटर फिरायला लागली. ती फिरायलाच नको होती, कारण खाली लिफ्टच्या डब्याच्या छतावर नितीन उभा होता.

लिफ्टच्या छतावर चढणाऱ्याने सगळ्यात आधी तिथला स्टॉप स्विच दाबायचा असतो. तो दाबला की मजल्यांवर कोणी कितीही बटणं दाबोत, लिफ्ट हलत नाही. स्विच दाबून मेकॅनिक ओरडतो, "स्टॉप मारला!" आणि वर मशीनरूममध्ये जो असेल तो "बरं" म्हणतो. त्या दिवशी वर मी होते आणि ओरडणं आलंच नव्हतं. दार लागल्याचा आवाज आला आणि लगेच मोटर सुरू झाली. मी मेन स्विच खाली ओढला.

मग ब्रेक सोडून, हाताने चाक फिरवत डबा मजल्यापर्यंत आणला. नितीन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातला मोबाईल चालूच होता. पलीकडून आवाज येत होता, "हॅलो नितीन, लिफ्टचा पंखा कधी बघतोस रे?"

मी फोन घेतला, "पंखा उद्या," म्हणाले आणि बंद केला.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घेते. ऑफिस वागळे इस्टेटला आणि लिफ्ट ठाण्यापासून कल्याणपर्यंत. सर्व्हिस विभाग माझ्याकडे आहे. नितीन माझा सगळ्यात चांगला मेकॅनिक. शिकाऊ पोरांना स्टॉप स्विचचं महत्त्व शिकवतो तो हाच. म्हणून मी ओरडले नाही. जिन्यात त्याच्या शेजारी बसले.

"काय झालं?"

"फोन आलेला मॅडम. बोलत बोलत चढलो. मारायचं राहिलं."

"तुझं? राहिलं?"

त्याने हातमोजे काढून पायरीवर ठेवले. मग म्हणाला, "मला काढून टाका मॅडम. मला फोनची भीती वाटते. वाजला की छातीत धडधडतं. नाही वाजला तरी खिशात थरथरल्यासारखं होतं. जेवताना बायको फोन उशीखाली ठेवते, तर माझं लक्ष उशीकडे. झोप नाय धड. आमच्या दिवा गावातच चुलतभावाची रिक्षा आहे, ती चालवीन. पॅसेंजर उतरला की विषय संपला."

त्याला घेऊन खाली येताना मी डब्यात पाहिलं. बटणांच्या वर काळ्या मार्करने लिहिलं होतं: ‘लिफ्ट बंद पडल्यास नितीन’, आणि पुढे त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर. सुंदर अक्षर, त्याचंच.

"हे सगळीकडे आहे?"

"माझ्या सगळ्या सोसायट्यांत. लोकांना बरं पडतं म्हणून मीच लिहिलेलं."

हे आमच्या धंद्यातलं जुनं वळण. ऑफिसचा नंबर पाटीवर असतो, तो कोणी लावत नाही. मेकॅनिक चांगला असला की त्याचा नंबर भिंतीवर जातो, आणि तो नंबर लिहिताना त्याला अभिमानच वाटतो. मग दिवाळीचा फराळ येतो त्याच नंबरवर, आणि आंघोळीला गेला तरी फोनही त्याच नंबरवर. सुट्टीला काही अर्थच उरत नाही.

ऑफिसात मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चार दिवस गावी जाऊन येऊ दे. फ्रेश होईल."

"गावी रेंज आहे साहेब."

"मग काय करायचं म्हणता?"

"त्याचा नंबर सगळ्या लिफ्टमधून पुसायचा."

ते उडालेच. "अहो, त्याच्या नंबरवर आपली गुडविल आहे! सोसायट्या कंत्राट नितीनच्या तोंडाकडे बघून देतात."

"आज तो वरच्या स्लॅबला चिकटला असता, तर कोणाच्या तोंडाकडे बघून दिलं असतं?"

"पुसा," ते म्हणाले. मालक वाईट नाहीत, त्यांना फक्त उशिरा कळतं.

मी थिनर आणि चिंध्या घेऊन निघाले. नितीनला सोबत नेलं नाही, त्याच्याच्याने पुसवलं नसतं. मी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन त्याला तिकडे पाठवलं, आणि तेही ड्युटीच्या वेळेत, रजा न टाकता. "मी वेडा आहे का?" म्हणाला. "पाठ धरली तर हाडांच्या डॉक्टरकडे जातोस ना? तसंच," म्हटलं. कुरकुरत गेला, पण गेला.

त्याच आठवड्यात ड्युटी फोन सुरू केला. एकच हँडसेट, एकच नंबर, तोच सगळ्या लिफ्टमध्ये. रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो एका मेकॅनिककडून दुसऱ्याकडे जातो. देणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "माझं संपलं." घेणाऱ्याने म्हणायचं, "बरं." पोरं पहिल्यांदा खूप हसली. पहिले दोन रविवार तो फोन मी घेतला, तेव्हा हसणं थांबलं.

सोसायट्या चिडल्या. डोंबिवलीचे एक सेक्रेटरी, निवृत्त बँक अधिकारी, तर म्हणाले, "आम्हाला नितीनच लागतो. त्याचा नंबर माझ्याकडे सेव्ह आहे. तुम्ही भिंत पुसाल, माझा मोबाईल कसा पुसणार?"

बरोबरच होतं. तो नंबर नितीनच्या मनातूनच पुसला जायला हवा होता, आणि तिथे थिनर चालत नाही.

मग एका रविवारी तेच सेक्रेटरी दुधाच्या पिशव्यांसह दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. त्यांनी नितीनला फोन केला. परत केला. परत केला. नितीनने उचलला नाही. शेवटी त्यांनी नाइलाजाने भिंतीवरचा नंबर लावला. ड्युटीवर इरफान होता, जवळच मानपाड्याला. दूध तापवायच्या वेळेआधी सेक्रेटरी घरी पोचले होते.

सोमवारी ते मालकांच्या केबिनमध्ये हजर. "तुमचा नितीन फोन उचलत नाही!" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. कंत्राट जाणार असं मीही धरून चालले होते.

आणि मालक म्हणाले, "काल त्याची सुट्टी होती साहेब. तुम्हाला बाहेर काढलं ना?"

"काढलं."

"मग झालं."

मला मालकांचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. सेक्रेटरी धुसफुसत गेले, पण कंत्राट राहिलं.

संध्याकाळी नितीन आला, खाली मान घालून. "मॅडम, त्यांचा फोन वाजत होता. मी बघत होतो. हात जात होता. पण उचलला नाय. मनात म्हटलं, माझं संपलं."

"मग?"

"मग झोप लागली. दुपारी बायकोने उठवलं. तिला वाटलं, बरं नाही की काय."

लिफ्टच्या धंद्यात मी खूप काही दुरुस्त केलंय. त्या दिवसाइतकी मान ताठ कधीच झाली नव्हती. नितीन अजून आमच्याकडेच आहे, डॉक्टरांकडे अधूनमधून जातो, आणि छतावरून त्याचं "स्टॉप मारला!" आता तळमजल्यापर्यंत ऐकू येतं.

तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणाचा नंबर मार्करने लिहिलेला असेल, तर चिंधीवर थोडं थिनर घ्या. निघतो. जरा घासावं लागतं.