गणपतीतला बंधारा

माझे मतपरिवर्तन झाले, असे हल्ली महाडपासून मुंबईपर्यंत सांगितले जाते. वाडीच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालण्यास एका ज्येष्ठाचा विरोध होता, तरुणांनी श्रमदानाने तो बांधून दाखवला आणि मग त्या ज्येष्ठाचेही डोळे उघडले. ही कथा मी महाडच्या एका समारंभात पहिल्या रांगेत बसून ऐकली आहे. तो ज्येष्ठ मी. माझे डोळे उघडेच होते, म्हणून तर विरोध होता. आणि तो बंधाऱ्याला नव्हता, त्यासाठी निवडलेल्या दिवसाला होता.

आमची वाडी कापडे गावाच्या वर, आंबेनळी घाटाचा रस्ता सोडून डोंगरात शिरणाऱ्या वाटेवर आहे. पावसाळ्यात येथे इतके पाणी पडते की घराच्या भिंती हिरव्या होतात, आणि होळी उलटली की त्याच वाडीत विहिरीचा तळ दिसू लागतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. त्याचे पाठ असलेले जलसंवर्धन देशावरचे असते; तेथे पाऊस कमी पडतो, येथे पडलेला थांबत नाही. उतार उभा, माती पातळ. पाणी आले तसे सावित्रीकडे चालते होते. विहिरीच्या वरच्या अंगाला वहाळात बांध घातला, तरच ते अडते, मुरते आणि उन्हाळ्यात झऱ्याने विहिरीत उतरते. आमचे वाडवडील दगड, माती आणि टहाळ वापरून असा बांध दरवर्षी घालत. घरटी एक माणूस, असा दंडक होता. पुढे घरटी माणसे मुंबईला गेली आणि दंडक तेवढा मागे राहिला.

वाडीत आता आम्ही काही म्हातारी माणसे आहोत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन परतलेला. माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची विधवा, कधीच न गेलेली. मागे एका उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली आणि वहिनी टँकरच्या पाण्याचा हंडा घेऊन चढणीवर पडली. तिचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो. त्याने बजावले की पुन्हा विहीर आटली तर घराला कुलूप लावून आईला घेऊन जाणार. वहिनी त्याच्याकडे एकदा राहून आली होती. तेथल्या इमारतीत दार उघडले की समोर दुसऱ्याचे बंद दार दिसते, एवढेच वर्णन तिने केले आणि परत जाण्याचे नाव काढले नाही. बंधारा तिच्या घरासाठी हवा होता. बाकीचे उदात्त हेतू नंतर फलकावर आले.

हा पुतण्याच वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. त्याने खटपट करून एका कारखान्याकडून रिकाम्या गोण्या मिळवल्या, पुण्याची एक संस्था मार्गदर्शनाला आणली आणि तालुक्याहून योजनेचा शिक्का मिळवला. याला भागीदारी म्हणतात. भागीदार पुष्कळ झाले. वहाळाला मात्र कोणी विचारले नाही.

गणपतीआधी देवळात बैठक झाली. पुतण्या म्हणाला, "गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी श्रमदान. सगळी पोरं तेव्हाच गावात असतात."

"आणि पाऊस? तो मुंबईला गेलेला असतो?" मी विचारले.

मंडळी हसली. पुतण्या हसला नाही. "काका, पब्लिक आहे तोवर काम उरकायचं. नंतर कोण येणार?"

"हस्ताचा पाऊस जाऊ दे. दसऱ्यानंतर पाणी नितळतं, धार बारीक होते, तळाचा खडक दिसतो. त्याच्यावर पाया बसतो. आज वहाळात उभं राहून दाखव मला."

"दसऱ्यानंतर रजा कुणाला मिळत नाय. आणि कारखान्याच्या साहेबांची तारीख मिळाली हाय."

खरे कारण हे शेवटचे होते, आणि त्यावर चर्चा संपली. अशी चूक आमच्याच मुलखातील माणसे करू जाणोत. आमचे सर्व काही गणपतीत उरकते, कारण माणसे तेव्हाच जमतात: सोयरिकी ठरतात, देवळाला रंग लागतो, जमिनीच्या वाटण्या होतात, भांडणे होतात. भांडणांचे मी समजू शकतो. त्यांना केवळ माणसे पुरतात. बांधाला आधी पाणी उतरलेले लागते.

श्रमदानाच्या दिवशी सर्वांना पिवळे सदरे वाटण्यात आले. गोण्या हातोहात वहाळापर्यंत जात होत्या आणि गढूळ, कमरेएवढ्या पाण्यात अंदाजाने सोडल्या जात होत्या. खाली खडक आहे की गाळ, हे पाहण्याची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. साहेबांनी अर्धी भरलेली गोणी छायाचित्रापुरती धरली. ती त्यांच्या हातून काढून घ्यायला दोन माणसे सज्ज उभी होती. डोक्यावर एक ड्रोन घोंघावत होता. वहिनीने सर्वांना चहा केला. ऐनाच्या दोन झाडांमध्ये सर्व भागीदारांच्या नावांचा फलक बांधला गेला आणि तिसऱ्या प्रहरी गाड्या निघाल्या. मुलांनी कष्ट मनापासून केले, हे मी नाकारत नाही. मनापासून केलेले चुकीचे काम अधिक खोल चुकते, एवढेच.

हस्ताच्या पावसाने तो बंधारा एका दुपारी नेला. फलक राहिला. मी आणि वहिनी काठावर उभे होतो.

"पोराला फोन करू नका भाऊजी," ती म्हणाली.

"का नको? कळू दे."

"नको म्हणते ना."

दसऱ्यानंतर भातकापणी लागली, तरीही आम्ही मागे राहिलेल्यांनी काम काढले. सकाळी शेत, दुपारनंतर वहाळ. वाहून गेलेल्या गोण्या खालच्या झुडपांतून ओढून काढल्या. त्या कारखान्याच्या होत्या, हे ऋण मी मान्य करतो. खडक लागेपर्यंत खणले. गोण्यांच्या दोन रांगा रचून मध्ये खाचरातील चिकण माती भरली आणि ती पायांनी तुडवली. वहिनी तुडवण्यात सर्वांच्या पुढे होती.

"भाऊजी, खात्यात कधी चिखल तुडवला होतात काय?"

"तुडवून घेत होतो."

"तरीच. पाय कुठं टाकायचा ते कळत नाय तुमाला."

वैशाखात विहिरीला पाणी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळ आले, त्याने बंधाऱ्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढली आणि महाडच्या त्या समारंभात सन्मानचिन्ह स्वीकारले. माझ्या मतपरिवर्तनाची कथा तेथेच प्रथम सांगण्यात आली. मी बोलायला उठलो, तेव्हा सूत्रसंचालकांनी वेळेअभावी क्षमा मागितली आणि अल्पोपाहाराची घोषणा केली.

घरी आल्यावर मी पुतण्याला अंगणातच गाठले.

"तुमचा बंधारा हस्तात गेला. आत्ता उभा आहे तो आमचा आहे."

"काका, थोडं डॅमेज झालं असेल. तुम्ही रिपेर केलंत, त्याचं क्रेडिट तुम्हाला आहेच की."

"थोडं? आईला विचार तुझ्या."

त्याने विचारले. वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरांनीच बांधला. भाऊजींनी वर चार गोण्या लावल्या."

पुतण्याने माझ्याकडे विजयाने नव्हे, कीव येऊन पाहिले. ते अधिक वाईट होते. तो मित्रांकडे निघून गेल्यावर मी वहिनीपुढे जाऊन बसलो.

"धडधडीत खोटं बोललात तुम्ही."

"बोलले."

"माझ्या तोंडावर?"

"मग काय पाठीमागं बोलू? ऐका. त्याला वाटतंय, आपल्या हातच्या पाण्यावर आई जगते. असं वाटतंय तवर तो मला हलवणार नाय. उलट चार लोकांत सांगतो. तुमच्या हातचा हाय म्हटलं असतं, तर म्हणाला असता, काका म्हातारे झाले, फुडच्या साली कोण घालील, चल माझ्याबरोबर."

खात्यात मी वरिष्ठांची अंदाजपत्रके खोडून काढली आहेत. या हिशोबात मला खोट सापडली नाही, याचा मला अजूनही राग आहे. कारण सत्य ते सत्यच. बंधारा आमचा, आणि ते मी येथे लिहून ठेवतो. यामुळे वहिनीचे घर धोक्यात येईल असे मला वाटत नाही. मंडळातील कोणी छायाचित्राखालच्या ओळीपलीकडे काही वाचल्याचा पुरावा आजवर माझ्या पाहण्यात नाही.

परतण्यापूर्वी मंडळाने देवळात पुन्हा बैठक घेतली. यंदाही श्रमदान गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, असे ठरले. पुतण्याने सर्वांदेखत विचारले, "काका, काही हरकत?" वहिनी बायकांमध्ये खांबाला टेकून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"गोण्या दुप्पट मागवा," मी म्हणालो.

कशाला, असे कोणीही विचारले नाही. त्यांनी ते उत्साहाने मान्य केले.